नगररचनेत मास्टर्स : मुलं कशाने ओढली जातात आणि कशामुळे टिकतात?

पादचारी

नगररचनेच्या पदव्युत्तर वर्गात एकाच टेबलाभोवती आर्किटेक्ट, सिव्हिल इंजिनिअर, भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र केलेले, आणि हल्ली कॉम्प्युटरची पदवी घेतलेलेही बसलेले दिसतात. शाळेतूनच ठरवून इकडे आलेले फार थोडे. बाकीचे पहिली पदवी हातात पडल्यावर वळलेले असतात. इतक्या वेगवेगळ्या दिशांनी माणसं येऊन मिळावीत असे विषय कमीच, म्हणून हा धागा: नेमकं काय ओढतं ह्यांना?

ढोबळमानाने पाच वाटा दिसतात. काहींना नकाशांचं वेड असतं. काही वाहतुकीच्या प्रश्नातून येतात. काहींना घरांचा प्रश्न आणि त्यातला अन्याय स्वस्थ बसू देत नाही. काही जण पूर, उष्णता, पाणी ह्या काळजीतून येतात. आणि बऱ्याच जणांची सुरुवात शहर वसवण्याच्या कॉम्प्युटर गेमपासून होते. अर्जात हे लिहायला मुलं संकोचतात, पण त्यात संकोचण्यासारखं काहीही नाही.

पाचही वाटा खऱ्या आहेत. मात्र मास्टर्सची दोन वर्षं तग धरून जो पुढेही ह्याच कामात रमतो, त्याची ओढ एका प्रश्नाभोवती असते: हा रस्ता, ही वस्ती अशी झाली ती कुणाच्या कुठल्या निर्णयामुळे, आणि तो निर्णय बदलायचा तर कुठला कागद बदलावा लागेल? "शहरं सुंदर व्हावीत" एवढ्याच इच्छेवर आलेल्याला पहिलं सेमिस्टरही जड जातं.

जाणकारांनी आपापल्या वाटेबद्दल तपशिलात लिहावं. "भरपूर स्कोप आहे" अशा प्रतिसादांनी कुणाचं काही भलं होत नाही. विद्यार्थ्याला हाताने काय करावं लागतं आणि घोडं कुठे अडतं, ते लिहा.

नकाशावेडा

नकाशाच्या वाटेपासून सुरुवात करतो, कारण ह्या विषयाचा एक उगमच नकाशात आहे. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याची साथ आली. जॉन स्नो ह्या डॉक्टरने प्रत्येक घरातले मृत्यू नकाशावर आडव्या रेघांनी मांडले आणि सार्वजनिक पंपाभोवती त्या रेघांची दाटी दिसली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. कमी लोकांना माहीत असतं ते हे की नकाशाच्या सुधारित आवृत्तीत त्याने एक सीमारेषाही काढली: ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि आजूबाजूचे पंप ज्या बिंदूंपासून *चालत* सारख्याच अंतरावर पडतात, ते बिंदू जोडणारी. सरळ रेषेतलं अंतर नाही, गल्ल्यांमधून चालायचं अंतर.

आजचा विद्यार्थी जीआयएसमध्ये (कॉम्प्युटरवर नकाशे आणि माहिती जोडणारं सॉफ्टवेअर) पहिली चूक नेमकी इथेच करतो. "बस थांब्यापासून ४०० मीटरच्या आत किती लोक राहतात?" असा प्रश्न दिला की तो थांब्याभोवती ४०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढून मोकळा होतो. वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण ५० हेक्टर. पण मध्ये रेल्वे लाइन, नाला किंवा कुंपण घातलेलं मोठं संकुल असेल तर ४०० मीटर चालून प्रत्यक्षात पोचता येणारा भाग २० हेक्टरही भरत नाही. पोचता येणारं क्षेत्र भागिले वर्तुळाचं क्षेत्र हे गुणोत्तर ०.६ च्या आसपास असेल तर गल्ल्या-रस्त्यांचं जाळं चांगलं समजतात. ०.४ आलं की तिथे नवा थांबा देण्याऐवजी एक पादचारी पूल किंवा कुंपणात एक फाटक जास्त उपयोगी पडतं. हा निष्कर्ष वर्तुळातून कधीच निघत नाही.

त्याच्याही आधीची चूक प्रोजेक्शनची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीची. नकाशाचा थर (लेयर) अक्षांश-रेखांशात असताना बफरच्या, म्हणजे ठरावीक अंतराचं वर्तुळ काढायच्या, खिडकीत ४०० लिहिलं तर सॉफ्टवेअर ते ४०० *अंश* समजतं. ते निदान लगेच डोळ्यांत भरतं. वेब मर्केटर (ऑनलाइन नकाशांचं नेहमीचं प्रोजेक्शन) जास्त घातक, कारण तिथे एकक मीटरच दिसतं. विषुववृत्तापासून दूर जावं तसं ते मीटर फुगत जातं: ६० अंश अक्षांशावर दुप्पट, म्हणजे तुमचे ४०० मीटर जमिनीवर जेमतेम २००. उपाय एकच: थर त्या भागाच्या यूटीएम (जमिनीवरची अंतरं मीटरमध्ये जवळपास बरोबर देणारं प्रोजेक्शन) पट्ट्यात *रीप्रोजेक्ट* करून नव्या फाइलमध्ये साठवायचा. थराच्या गुणधर्मांत जाऊन नुसतं सीआरएसचं (कुठलं प्रोजेक्शन ते सांगणारं) लेबल बदललं तर आकडे तेच राहतात आणि थर भलतीकडेच जाऊन बसतो.

ज्याला हे वाचताना कंटाळा येण्याऐवजी पुढे करून बघावंसं वाटतं, त्याची नकाशाची ओढ खरी.

शून्य_पार्किंग

गेमबद्दल लिहितो. १९८९ मध्ये विल राइटचा सिमसिटी आला. त्यामागे जे (Jay) फॉरेस्टर ह्या अभ्यासकाच्या शहरवाढीच्या प्रतिमानाची (मॉडेलची) प्रेरणा होती, म्हणजे गेममध्ये नियोजनशास्त्राची बीजं आधीपासून होतीच. घरं, दुकानं, कारखान्यांसाठी हिरवी, निळी, पिवळी झोन रंगवायची, रस्ते-वीज द्यायची आणि शहर वाढताना बघायचं. एक गोष्ट बदलली की दुसरी कशी हलते, हे तिथे फार लवकर कळतं. भूवापर आणि वाहतूक एकमेकांत गुंतलेली आहेत हे समजून वर्गात येणारा विद्यार्थी चार पावलं पुढे असतो.

पण गेममध्ये तीन गोष्टी नसतात आणि स्टुडिओत (प्रकल्प करायच्या वर्गात) त्याच अंगावर येतात. जमिनीला मालक नसतो. जनसुनावणी नसते. आणि पार्किंग जवळजवळ नसतंच.

पार्किंगचं गणित एकदा हाताने करावं. १,००० चौ.मी.चा प्लॉट, एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) २, म्हणजे २,००० चौ.मी. बांधकाम. जोतं, म्हणजे इमारतीने व्यापलेली जमीन, प्लॉटच्या ४० टक्के धरलं तर पाच मजले. जिने, लिफ्ट, भिंती वजा जाता ८० टक्के जागा घरांना मिळते, म्हणजे १,६०० चौ.मी., म्हणजे ६० चौ.मी.ची २६ घरं. आता नियम म्हणाला प्रत्येक घरामागे एक गाडी. वळायची-फिरायची जागा धरून एका गाडीला २५ ते ३० चौ.मी. लागतात. २८ धरा: २६ गाड्यांना ७२८ चौ.मी. इमारतीचं जोतं आहे ४०० चौ.मी.! म्हणजे एक तर तळघर खणा, नाहीतर उरलेलं ६०० चौ.मी.चं सगळं अंगण गाड्यांना द्या, तेही पुरत नाही. नियम घरामागे दोन गाड्यांचा केला की प्रत्येक ६० चौ.मी.च्या घरासोबत जवळपास तेवढीच जागा गाड्यांसाठी बांधावी लागते, आणि तो खर्च गाडी नसलेल्या कुटुंबाच्याही घराच्या किमतीत जातो.

एका ओळीचा नियम घरं लहान करतो, महाग करतो, झाडं घालवतो. गेमपासून सुरुवात केलेल्या मुलांना ही साखळी दिसली की ती ह्या विषयातून सहसा हलत नाहीत.

भिंतीपलीकडे

आर्किटेक्चरवाल्यांचं काय? बरेच जण "इमारतीपेक्षा मोठ्या स्केलवर काम करायचंय" म्हणून येतात. ती ओढ टिकते का?

रुंदी_अठरा

टिकते, पण स्केल मोठं होणं म्हणजे ड्रॉइंगचा कागद मोठा होणं नव्हे हे लवकर कळलं तर. अमेरिकेत सेंट लुइसमधल्या प्रुइट-आयगो ह्या सरकारी गृहसंकुलाचं उदाहरण आर्किटेक्चरच्या मुलांना दोन्ही बाजूंनी शिकवावं. अकरा मजली ३३ इमारती, १९५० च्या दशकाच्या मध्याला पूर्ण झाल्या, १९७२ पासून पाडायला सुरुवात. डिझाइनवर खापर फोडणं सोपं आहे. पण देखभालीचा खर्च भाड्यातून निघेल असं गृहीत होतं, आणि त्याच वेळी शहर रिकामं होत चाललं होतं: १९५० मध्ये ८,५६,७९६ लोकसंख्या, १९७० मध्ये ६,२२,२३६. घरं रिकामी, भाडं कमी, लिफ्टची दुरुस्ती बंद, म्हणून आणखी घरं रिकामी. ही साखळी प्लॅन-सेक्शनमध्ये दिसत नाही, ती ताळेबंदात दिसते. आर्किटेक्टला हा ताळेबंद वाचावासा वाटला तर तो उत्तम नियोजक होतो, कारण जागेची मापं त्याच्या हातात आधीच बसलेली असतात.

ती मापं किती कामाला येतात बघा. स्टुडिओत हमखास दिला जाणारा अभ्यास: १८ मीटर रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर घरं, क्रॉस-सेक्शन (रस्त्याचा आडवा छेद) काढा.

फुटपाथ दोन्हीकडे ३ मी. ह्यात दुकानाच्या बाजूला अर्धा मीटर सोडायचा, कारण दारं-पायऱ्या-बघे तिथे येतात. मध्ये १.८ मी. पूर्ण मोकळे, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडू शकतात. कडेला ०.७ मी. दिव्याचे खांब, बाकं, फलकांसाठी. दोन्ही बाजू मिळून ६ मी. गेले. सायकलला दोन्हीकडे २ मी., म्हणजे ४. गाड्यांच्या दोन लेन ३ मी.च्या, म्हणजे ६. झाले १६. उरले २ मीटर, आणि सगळा स्टुडिओ त्या २ मीटरवर भांडतो.

पार्किंग दिलं तर एका बाजूला पट्टा मिळतो. गाडीमागे ६ मी. लांबी धरली तर १०० मीटरमध्ये कागदावर १६ गाड्या, आणि आत-बाहेर जायची फाटकं वगळली की १२-१३. बारा गाड्यांसाठी झाडं आणि बस थांब्याचं छत दोन्ही गेलं. झाडं द्यायची तर ते २ मी. दोन बाजूंना एक-एक मीटर वाटता येत नाहीत, कारण मुळांना निदान सव्वा ते दीड मीटर रुंदीचा खड्डा हवा. मग एकाच बाजूला झाडं द्यायची, उन्हाच्या दिशेप्रमाणे बाजू निवडायची, आणि तिथेच मधेमधे थांबा आणि माल उतरवायची जागा. हे बहुतेकांना तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात सुचतं.

मग सर विचारतात, "खाली काय आहे?" फुटपाथखालून पाण्याची लाइन, मलवाहिनी, केबल. झाड नेमकं पाण्याच्या लाइनवर आलेलं असतं.

आणखी एक नेहमीची चूक: सेक्शन नेटका, पण चौकात कोपऱ्याची त्रिज्या १२ मी. ठेवलेली. मोठी त्रिज्या म्हणजे गाडी वेग न कमी करता वळते आणि पादचाऱ्याचं रस्ता ओलांडायचं अंतर वाढतं. मधल्या शंभर मीटरमध्ये पादचाऱ्याला जे दिलं ते चौकात काढून घेतलं जातं, आणि अपघात चौकातच जास्त होतात. मोठ्या बसला वळायचंच असेल तर थांबारेषा मागे घ्या. कोपरा कापू नका.

पादचारी

रुंदी_अठरा, हेच हवं होतं. ह्यात एका आकड्याची भर घालतो, वाहतुकीच्या वाटेने येणाऱ्यांना तोच पकडून ठेवतो. तीन मीटर रुंदीच्या पट्ट्यातून तासाला किती *माणसं* जाऊ शकतात? खासगी गाड्या असतील तर ६०० ते १,६००. स्वतंत्र बस लेन असेल तर ४,००० ते ८,०००. संरक्षित सायकल मार्ग ७,५०० च्या आसपास. फुटपाथ ९,०००. अमेरिकी शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या मार्गदर्शिकेतले हे आकडे जगभरच्या वर्गांत वापरले जातात.

सिव्हिलच्या मुलांना पदवीत गाड्या मोजायला शिकवलेलं असतं. गाड्यांऐवजी माणसं मोजली की त्याच रस्त्याचं उत्तर उलटं येतं, हे दिसलं की त्यांना हा विषय सोडवत नाही.

दुसरी_बाजू

अन्यायाच्या वाटेबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा, समाजकार्य इथून येणारे बहुतेक ह्याच वाटेने येतात, आणि "आपल्याला ड्रॉइंग येत नाही" म्हणून उगाच बुजतात.

१९३० च्या दशकात अमेरिकेत घरकर्जासाठी दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले गेले. हिरवा, निळा, पिवळा, लाल अशा चार श्रेणी. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सरसकट लाल, म्हणजे कर्जाला धोकादायक. एक रंग, आणि त्याचे परिणाम कित्येक पिढ्यांच्या मालमत्तेवर. ह्यानंतर कुणी नकाशाला "तटस्थ" म्हणू नये.

१९६५ मध्ये पॉल डेव्हिडॉफ ह्या अमेरिकी नियोजकाने मांडलं की वकील जसा पक्षकाराची बाजू मांडतो तशी नियोजकाने दुर्बल गटाची बाजू मांडावी. १९६९ मध्ये शेरी अर्नस्टीन ह्या अभ्यासिकेने लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी दिली. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नाहीच, मधल्या तीनवर नावापुरता, वरच्या तीनवर खरा अधिकार. माहिती देणं, मत विचारणं हे तिच्या हिशेबात मधल्या पायऱ्यांवर येतं. बहुतेक जनसुनावण्या तिथेच थांबतात.

का थांबतात, ते तपशिलात बघायला हवं. सुनावणी कामाच्या दिवशी सकाळी अकराला. नोटीस कायद्याच्या भाषेत. आणि नकाशा १:१०,००० चा. ह्या प्रमाणात १० मीटरचा रस्ता कागदावर १ मिलिमीटर दिसतो. रस्त्याच्या प्रस्तावित रेषेची जाडी अर्धा मिलिमीटर असेल तर ती जमिनीवरचे ५ मीटर झाकते. लहान घर अख्खं त्या रेषेखाली जातं आणि "माझं घर जातंय की राहतंय?" ह्याचं उत्तर त्या कागदावर नसतंच. त्या वस्तीपुरता १:१,००० चा उतारा, घरांच्या खुणांसकट, भिंतीवर लावला की हरकतींचं स्वरूपच बदलतं. लोक "विरोध आहे" एवढंच न लिहिता "ही रेषा तीन मीटर उत्तरेला सरकवा, तिकडे पडीक जागा आहे" असं लिहितात. अशा हरकतीला फाइलवर उत्तर द्यावंच लागतं.

हे काम ड्रॉइंग न येणाऱ्या पण माणसांशी नीट बोलता येणाऱ्या विद्यार्थ्याचं आहे. त्याला स्केल वाचता आलं की पुरे.

चालती_फिरती

दुसरी_बाजू, अगदी सहमत. एक जोड: प्रवासाच्या सर्वेक्षणातही असंच होतं. फॉर्ममध्ये "प्रवासाचा मुख्य हेतू" एवढा एकच रकाना असतो. मुलाला शाळेत सोडून, औषध घेऊन, मग कामावर जाणारी बाई "नोकरी" ह्या एका शब्दात मावते आणि तिचे मधले दोन थांबे आकडेवारीतून गायब होतात. मग बसमार्ग घर ते कार्यालय असे सरळ आखले जातात. तीन टप्प्यांना तीन तिकिटं घ्यावी लागतात ती तिला. दिवसभराची डायरी भरून घेतली, प्रत्येक टप्पा वेगळा लिहिला, तर हे दिसतं. व्हिएन्नाने १९९० च्या दशकात स्त्री-पुरुषांच्या रोजच्या हालचालींचा असा वेगळा अभ्यास करून घरं आणि फुटपाथ आखायला घेतले. ह्या विषयाकडे येणाऱ्या मुलींमध्ये ही ओढ फार ठळक असते.

आकडेमोड

अर्थशास्त्र-सांख्यिकीवाल्यांसाठी. तुम्हाला ओढणारी गोष्ट बहुधा लोकसंख्येचा अंदाज ही असेल, कारण बाकी सगळा आराखडा त्याच्यावर उभा असतो.

एक लाखाचं गाव, वाढ वर्षाला ३ टक्के, मुदत २० वर्षं. सरळ रेषेने वाढवलं तर १,६०,०००. चक्रवाढीने १,८०,६००. फरक २०,६०० माणसांचा. दरडोई दररोज १५० लिटर पाणी धरलं तर रोज सुमारे ३१ लाख लिटर. म्हणजे नुसतं सूत्र निवडताना तुम्ही एक छोटा जलशुद्धीकरण प्रकल्प बांधला किंवा वगळला. वर रुंदी_अठरा यांनी सेंट लुइसचे आकडे दिलेत, तिथे तर वाढीचं चिन्हच उलटं निघालं.

म्हणून वयोगटानुसार पद्धत शिकवतात: पाच-पाच वर्षांचे गट, प्रत्येकाला जगण्याचं प्रमाण, स्त्रियांच्या गटांना जननदर, आणि शेवटी स्थलांतर. जन्म-मृत्यूचे आकडे बऱ्यापैकी भरवशाचे असतात. अंदाज कोलमडतो तो स्थलांतरावर. एक कारखाना आला किंवा बंद पडला की संपतं. त्यामुळे एकच आकडा देणारा अहवाल चांगल्या विभागात परत येतो. तीन अंदाज, प्रत्येकाची गृहीतकं, आणि कुठली गुंतवणूक कमी अंदाजातही वाया जाणार नाही, एवढं द्यायचं. निश्चित उत्तराचीच सवय असलेल्यांना हे सुरुवातीला फार खुपतं.

भिंतीपलीकडे

माहिती उत्तम मिळतेय. पण भ्रमनिरास कुठे होतो तेही लिहा कुणीतरी. मुलं मध्येच सोडूनही जातात.

फाइल_क्रमांक

तीन ठिकाणी होतो.

पहिलं, काळ. आराखडा साधारण वीस वर्षांचा असतो. ज्याने आखला तो अंमल होताना तिथे नसतो. झटपट निकाल हवा असेल त्याने रस्त्यावरचे तात्पुरते प्रयोग, वाहतूक व्यवस्थापन, सार्वजनिक जागा ह्याकडे वळावं. ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९७२ मध्ये मुख्य बाजाररस्ता एका वीकेंडमध्ये पादचाऱ्यांना मोकळा केला. स्टॉकहोमने २००६ मध्ये गर्दीशुल्क (शहरात गाडी आणायचं शुल्क) थेट लादलं नाही, जानेवारी ते जुलै चाचणी घेतली. शहरात येणारी-जाणारी वाहनं सुमारे २० टक्क्यांनी घटली, चाचणी थांबताच पुन्हा वाढली. आधी नाराज असलेल्या शहराने सप्टेंबरच्या सार्वमतात कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झालं. इथे शिकण्यासारखी गोष्ट क्रमाची आहे: आधी अनुभव, मग मत. ज्यांना शुल्काच्या तंत्रापेक्षा ह्या क्रमात जास्त रस वाटतो, ते धोरणाच्या बाजूला चमकतात.

दुसरं, लिखाण. मुलं नकाशांच्या अपेक्षेने येतात आणि अर्धा वेळ अहवाल, नियमांचा मसुदा, हरकतींना उत्तरं लिहिण्यात जातो. "शक्यतो" आणि "बंधनकारक" ह्यांतला फरक न कळता नियम लिहिला की तो न्यायालयात टिकत नाही. इंटर्नशिपमध्येही बहुधा ले-आउट तपासणं असतं: सेटबॅक (इमारतीभोवती सोडायची जागा) बरोबर आहे का, खुली जागा टक्केवारीत बसते का, आणि मुख्य म्हणजे ती खुली जागा एकसंध आहे की कोपऱ्याकापऱ्यांत तुकडे करून आकडा भरलाय. हे रटाळ वाटलं तरी ह्या तपासणीतूनच नियमातली पळवाट दिसते.

तिसरं सगळ्यांत अवघड. हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर ह्या अभ्यासकांनी १९७३ मध्ये लिहिलं होतं की नियोजनाच्या प्रश्नांना "सुटला" असं म्हणायची रेषाच नसते, आणि प्रयोग उलटवता येत नाही, कारण बांधलेला उड्डाणपूल लोकांच्या आयुष्यात शिरलेला असतो. सोलने २००३ मध्ये चंगेचन ओढ्यावरचा उन्नत मार्ग पाडायला घेतला आणि २००५ मध्ये ओढा खुला केला. उलटवता येतं, पण त्याची किंमत बघा: पाण्याचा बराचसा प्रवाह पंपाने आणावा लागतो, आणि मार्गाखाली धंदा करणाऱ्यांना हलावं लागलं. पूर्ण चांगलं असं उत्तर नाही. ज्याला हे सहन होत नाही त्याने स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये सुखाने राहावं, तिथे बीम पडतो किंवा उभा राहतो.

नवा_अर्जदार

सगळं वाचतोय. एसओपीमध्ये (अर्जासोबतच्या "मला हे का शिकायचंय" ह्या निवेदनात) "लहानपणापासून शहरांची आवड" सोडून काय लिहायचं?

फाइल_क्रमांक

आवडीचं वाक्य काढूनच टाका, ते प्रत्येक अर्जात असतं. एक जागा घ्या: एक चौक, एक बसमार्ग, एक वस्ती. तिथे काय अडतं ते दोन-तीन वाक्यांत, आकड्यासकट. मग ते तसं का आहे: कुठला नियम, कुणाचं अधिकारक्षेत्र, कुठलं गृहीतक. तुमच्या पहिल्या पदवीने त्यातलं काय समजतं आणि काय समजत नाही, हे स्पष्ट लिहा. जे समजत नाही त्यासाठीच तुम्ही अर्ज करताय, म्हणून निवडलेल्या विभागात ते शिकवणारा विषय किंवा त्यावर काम करणारे प्राध्यापक आहेत का ते बघून जोडा. वाहतूक प्रतिमानात रस असेल आणि विभाग गृहनिर्माण धोरणाचा असेल तर उत्तम एसओपीही परत येते. विद्यापीठाच्या कौतुकाचा परिच्छेद नको, तो वाचणाऱ्यांना पाठ असतो.

डिझाइनकडे झुकलेले विभाग पोर्टफोलिओ मागतात. पंधरा-वीस पानं पुरतात, पण प्रत्येक प्रकल्पात निर्णय का घेतला ते दिसायला हवं. धोरणाकडे झुकलेले लेखनाचा नमुना मागतात, तिथे जुना निबंध जसाच्या तसा देऊ नका.

रुंदी_अठरा

आणि तो आकडा स्वतः गोळा केलेला असेल तर फारच उत्तम. उपकरण काही लागत नाही, वही आणि घड्याळ बस. एक चौक, गर्दीचा एक तास, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग, फक्त रस्ता ओलांडणारे पादचारी मोजायचे. समजा आले १८०, २४०, ३२०, २६०. एकूण १,०००. सगळ्यांत गर्दीच्या भागाला चाराने गुणा: १,२८०. हजाराला त्याने भागा: ०.७८. हा गर्दीचा गुणांक. १ च्या जितका जवळ तितकी गर्दी तासभर सारखी पसरलेली, ०.७८ म्हणजे मध्येच उसळते. म्हणजे शाळा सुटली, लोकल आली असं काहीतरी कारण आहे, आणि सिग्नलची वेळ तासाच्या सरासरीवर ठरवली असेल तर त्या पंधरा मिनिटांत लोक मध्येच अडकणार.

दोन पथ्यं पाळा. सुट्टीच्या किंवा पावसाच्या दिवशी मोजू नका. आणि जे ठरलेल्या जागेवरून न ओलांडता मधूनच जातात त्यांचा रकाना वेगळा ठेवा. ती संख्या मोठी निघाली तर क्रॉसिंग चुकीच्या ठिकाणी आहे असा संशय आधी घ्यायचा.

नवा_अर्जदार

मधून जाणाऱ्यांचं वय, सामान वगैरे पण नोंदवायचं का?

चालती_फिरती

एकट्याने मोजत असाल तर नको, गळती होते. दोघं असाल तर दुसऱ्याने फक्त तीन खुणा कराव्यात: लहान मूल सोबत, काठी किंवा व्हीलचेअर, हातात जड सामान. ज्यांना ओलांडायला जास्त वेळ लागतो ते हेच. सिग्नलचा वेळ बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर चालीवर काढतात. १२ मीटरच्या रस्त्याला १० सेकंद. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना १५ लागतात. तुमच्या तीन खुणांची बेरीज एकूण संख्येच्या पाचव्या हिश्शाच्या वर गेली, तर एसओपीचा पहिला परिच्छेद तिथेच तयार आहे.